डिसेंबरची कमाई दाखवून कोणी बोलावलं तर आधी जुलै विचार

प्रश्न विचारणाऱ्या मुलाने थोडक्यात असं लिहिलंय: वय २४, राहायला दिव्याला, मुलुंडला मेडिकलच्या एका चेनमध्ये कामाला, पीएफ कापून हातात १६,५०० येतात, रविवारी अर्धा दिवस. मित्र बँक्वेटला, म्हणजे लग्न-पार्ट्यांच्या हॉलवर वाढायला, कॅज्युअल जातो (काम असेल त्या दिवशीच बोलावणं), पाळीचे ९०० मिळतात, डिसेंबरमध्ये त्याने २७,००० काढले. "दादा, दिवसांची गॅरंटी नाही म्हणतात, पण कमाई तर डबल दिसते, मेडिकल सोडून फुलटाइम कॅज्युअल करू का?"

सोडू नकोस. निदान आत्ता तरी नको. शनिवार-रविवारच्या रात्री मात्र जरूर करून बघ, त्याला माझी ना नाही. का ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुझं तू ठरव. १९९८ ला मी स्वतः कॅज्युअल वेटर म्हणून या लाइनीत शिरलो, नऊ वर्षं तेच केलं, मग एका हॉटेलात परमनंट झालो, कॅप्टनपर्यंत, म्हणजे वेटरांच्या मुकादमापर्यंत गेलो, आणि २०१५ पासून हॉल आणि ओडीसीवाल्यांना, म्हणजे बाहेर जाऊन जेवण देणाऱ्या केटरर्सना, पोरं सप्लाय करतो. माझ्या यादीत १४० नावं आहेत आणि रोज लागतात सरासरी तीस-चाळीस. म्हणजे गॅरंटी न देणारा जो माणूस असतो ना, तो मीच. तेव्हा या धंद्याला शिव्या घालायचा मला फारसा अधिकार नाही, पण आतून कसं चालतं ते बरोबर माहितीये.

तुझा मित्र खोटं बोलत नाहीये. डिसेंबरात २६ दिवस आणि त्यात चार वेळा डबल, म्हणजे एका दिवसात दोन पाळ्या मारल्या की ३० पाळ्या, ९०० ने २७,००० झाले. फक्त त्याने तुला जुलैचा आकडा सांगितला नाही आणि तू विचारला नाहीस. माझ्याकडे एक पोरगा आहे, सगळं वहीत लिहून ठेवतो, त्याची परवानगी घेऊन त्याचं गेलं वर्ष इथे टाकतो. नोव्हेंबर २०२४ ला २१ हजेऱ्या, डिसेंबर २६, जानेवारी १९, फेब्रुवारी २२, मार्च ११, एप्रिल १७, मे २०, मग जून ९, जुलै ६, ऑगस्ट ८, सप्टेंबर ७, ऑक्टोबर १३. एकूण १७९ दिवस. त्यात ११ वेळा डबल मारली म्हणजे १९० पाळ्या, ९०० ने १,७१,०००, महिन्याला पडले १४,२५०. तुझे वर्षाचे १,९८,०००. फरक किती, तर २७,०००, म्हणजे तुझ्या मित्राचा तो अख्खा डिसेंबर. आणि हा पोरगा माझ्या यादीतला चांगल्यापैकी आहे बरं का, फोन केला की येतो, खाडा नाही. जो थोडा ढिला आहे त्याचं याच्या निम्म्यावर येतं.

आता दुसऱ्या बाजूनेही बघ. तुझा एका दिवसाचा रोज पडतो १६,५०० भागिले २६, म्हणजे ६३५. त्यापुढे ९०० म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त, कोणालाही मोह होईल. माझा भाचा ऑस्ट्रेलियात किचनमध्ये आहे, तिकडे कॅज्युअल माणसाला तासाला २५ टक्के वर देतात, पगारी रजा वगैरे मिळत नाही त्याबद्दल, तो म्हणतो मामा तुमच्याकडे तर आमच्यापेक्षा जास्त देतात की. पण १९० पाळ्यांत तुझ्या १,९८,००० ची बरोबरी करायची तर रेट १,०४२ पाहिजे, आणि त्यात तुझा पीएफचा मालकाचा वाटा, दिवाळीला काय मिळत असेल ते, रात्री दोन वाजता शेअर रिक्षाला जातात ते पैसे, यातलं काहीच मी धरलेलं नाही. सगळं धरलं तर मी तुला बाराशेच्या खाली ये म्हणणार नाही. आणि बाराशे तुला आज कोणी देणार नाही, ट्रे उचलता येत नाही तुला अजून.

दिवस का कमी पडतात ते आधी समजून घे, कारण नवीन पोरांना वाटतं सप्लायर मुद्दाम बसवून ठेवतो. मुद्दाम बसवणारेही असतात, नाही असं नाही. पण मूळ गोष्ट पंचांगाची आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू, डिसेंबरात कंपन्यांच्या पार्ट्या आणि थर्टी फर्स्ट, मग फेब्रुवारी, एप्रिल-मे. आषाढीला चातुर्मास लागला की लग्नं बंद, श्रावणात बारसं, मंगळागौर, फार तर पन्नास पानांचं काहीतरी, गणपतीत सगळे गावाला, पितृपक्षात तर हॉलचं एसीसुद्धा लावत नाहीत. यंदा तर अजून एक भानगड आहे, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून. गेल्या वेळचा अधिक महिना २०२३ ला श्रावणात आला होता, तसेही ते दिवस मेलेलेच असतात म्हणून कोणाला जाणवलं नाही. पण यंदा निम्मा मे त्यात गेला. रमजानही फेब्रुवारी-मार्चात आहे, म्हणजे मुस्लिम लग्नंही त्यात नाहीत. वहीतल्या त्या मेच्या २० हजेऱ्या यावेळी होणार नाहीत हे मी तुला आज जानेवारीतच सांगतो. मेडिकल सोडून नेमका याच वर्षी आलास तर जूनमध्ये तू मला शोधत येशील.

आता एक गंमत सांगतो जी मला स्वतःला कॅप्टन झाल्यावर कळली. यजमान हॉल बुक करतो तेव्हा त्याच्याकडून प्लेटची गॅरंटी, म्हणजे कमीत कमी किती प्लेटचे पैसे भरणार ते, लिहून घेतात. समजा ४०० ची गॅरंटी दिली आणि माणसं आली २८०, तरी यजमान ४०० चे पैसे भरतो, हॉलवाला काही सोडत नाही. म्हणजे न जेवलेल्या १२० प्लेटचे पैसे येतात. पण संध्याकाळी पाच वाजता बँक्वेट मॅनेजरला कळलं की गर्दी कमी आहे तर तो पहिलं काय करतो, तर मला सांगतो, दहा पोरं परत पाठव. पोरं चार वाजता रिपोर्टिंगला आलेली असतात, कोण बदलापूरहून, कोण विरारहून, दाढी करून, शर्टाला इस्त्री करून, कटलरी पुसायला बसलेली असतात गरम पाण्यात व्हिनेगर टाकून. त्यांना म्हणायचं, चला, आज नाही. मी ते कित्येक वर्षं केलंय. चेहरे बघायचे नाहीत, यादीतली शेवटची दहा नावं वाचायची. गॅरंटी प्लेटला असते, पोराला नसते. हल्ली मी परत पाठवलेल्याला अर्धी पाळी देतो, आणि ती हॉलकडून घेतो, करारात लिहून. पहिल्या वेळी मॅनेजर हसला होता माझ्यावर.

आणि कायद्याने बघायला गेलं तर अर्धीसुद्धा कमीच आहे. रोजावर किमान वेतन ठरलेल्या माणसाला कामावर घेतलं आणि मालकाकडे काम नाही म्हणून त्याचे तास कमी भरले, तर त्याला पूर्ण दिवसाची मजुरी मिळायला पाहिजे, हे १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होतं आणि आता वेतन संहितेतही आहे, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. माणूसच काम करायला तयार नसेल तर गोष्ट वेगळी. मी २७ वर्षांत हे कलम कोणी मॅनेजरच्या तोंडावर म्हणलेलं ऐकलं नाही. जो म्हणेल त्याचं नाव पुढच्या यादीत नसेल, एवढं साधं आहे.

तसंच ते "डबल". कायद्यात डबल म्हणजे ओव्हरटाइमचा दुप्पट दर. आमच्याकडे डबल मारली म्हणजे दुपारचं लग्न करून तिथेच रात्रीचं रिसेप्शन केलं, दोन पाळ्या, दर मात्र सिंगलच. शब्द एकच, अर्थ सोयीने बदललाय, आणि पोरं खुशीत सांगतात काल डबल मारली म्हणून. मीही सांगायचो.

हे सगळं वाचून तुला वाटेल हा माणूस नकोच म्हणतोय. तसं नाही. मला या कॅज्युअलने घडवलंय. तेव्हा बारावी नापास होतो, इंग्रजी येत नव्हतं, कोणी दारात उभं केलं नसतं अशा हॉटेलात मी पहिल्या आठवड्यात काळी पॅन्ट-पांढरा शर्ट घालून उभा होतो. ओळख लागत नाही, सर्टिफिकेट लागत नाही, आज फोन केला तर परवा काम. आठवड्याला, कधी रोजच्या रोज पैसे हातात. एका हॉलचा कॅप्टन शिव्या देणारा निघाला तर त्या हॉलला जायचं नाही, संपला विषय, तुझ्या मेडिकलवाल्याचं तोंड तुला रोज बघावं लागतं. वेगवेगळ्या जागा बघून हात जेवढा तयार होतो तेवढा एकाच जागी पाच वर्षं राहून होत नाही, पारशी पात्र भोणूपासून (पानावरचं लग्नाचं जेवण) ते मारवाडी थाळीच्या पंगतीपर्यंत सगळं वाढलंय मी. आणि परमनंट झालो तो अर्ज करून नाही झालो, मॅनेजरने सहा महिने मला काम करताना बघितलं होतं म्हणून झालो.

पण या कामात खरं सुख कोणाला आहे सांगू? ज्याचा रिकामा दिवस रिकामा नसतो त्याला. माझ्याकडे महाड बाजूचे चार भाऊबंद आहेत, जून लागला की गावाला, भाताची लावणी करतात, गणपती तिकडेच, कापणी आटपली की तुळशीच्या लग्नापर्यंत हजर. त्यांना कोणाकडे रजेचा अर्ज टाकावा लागत नाही, आणि मला जुलैत त्यांना काय देऊ हा प्रश्न पडत नाही. मुहूर्त आणि भात यांचं असं जमलंय की दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. एक मुलगी आहे, घाटकोपरची, ओपन युनिव्हर्सिटीतून बीए करते, होस्टेस म्हणून येते, परीक्षेच्या महिन्यात ग्रुपवर नुसतं "मी नाही" टाकते. एक काका आहेत पन्नाशीचे, सकाळी पेपर टाकतात, रात्री आमच्याकडे स्टुअर्डिंगला, म्हणजे भांडी धुवायला. या सगळ्यांचं घर कॅज्युअलवर एकट्यावर उभं नाहीये. तू मेडिकल सोडलंस तर तुझे वर्षातले ते १८६ रिकामे दिवस कशाने भरणार आहेस, याचं उत्तर तुझ्या प्रश्नात कुठे दिसलं नाही मला.

आणि रिकामा म्हणजे मोकळा असंही समजू नकोस. ग्रुपवर मेसेज येतो, "उद्या ३५ बॉईज, ४ रिपोर्टिंग, कुर्ला, नावं टाका". सात मिनिटांत ३५ नावं होतात. त्यामुळे पोरं फोन हातातून सोडत नाहीत, संडासला घेऊन जातात, बहिणीला बघायला पाहुणे आलेत तरी डोळा फोनवर. पैसे एका पैचे मिळत नाहीत पण दिवस गेला. मी हा हिशोब कधी पगारात धरला जाताना बघितला नाही.

मग ते स्वातंत्र्य. "पाहिजे तेव्हा या, नको तेव्हा येऊ नका", प्रत्येक सप्लायर हेच सांगतो, मीही सांगतो. खरं कसं असतं ते ऐक. चाळीस लागतात आणि यादीत १४० आहेत, तर मी आधी कोणाला फोन करणार? जो कधी नाही म्हणत नाही त्याला. लग्नाच्या दाट तारखेला तू नाही म्हणालास तर मी तोंडाने काही बोलणार नाही, पण मंद दिवसात माझं बोट तुझ्या नावावरून पुढे सरकतं. हे मी ठरवून करतो असंही नाही, होतं ते. म्हणजे नाही म्हणायची सोय दोघांना आहे, पण माझ्या नाहीची किंमत मला पडत नाही आणि तुझ्या नाहीची तुला पडते.

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते, लालबागला. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, खातं बघून हाक मारायचे, कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या जागी याला घेणार, नाहीतर घरी. आई सांगायची की पायरीवर चपलेचा आवाज आला की तिला कळायचं आज काम मिळालं नाही, कारण मिळालं असतं तर माणूस इतक्या लवकर परत आला नसता. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, पुढचं गिरणगावात सगळ्यांना माहितीये, बदली कामगारांच्या हाताला तर सगळ्यात कमी लागलं. मी पोरांना परत पाठवायचो तेव्हा हे कधी आठवलं नाही मला. अर्धी पाळी द्यायला लागलो त्या वर्षी आठवलं.

त्याच मुंबईत माथाडींचं बघ. त्यांचंही काम तसं आज आहे उद्या नाही टाइपचंच होतं, गाडी आली तर भरणी-उतरणी, नाही आली तर बसा. अण्णासाहेब पाटलांनी लढून १९६९ चा कायदा करून घेतला, कामगाराची नोंदणी मंडळात, मालकाने मजुरी मंडळात भरायची आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरलेली जास्तीची रक्कम, त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, दवाखाना. मालक दहा असले तरी खातं एक. त्या मंडळांच्याही तक्रारी आहेत, बोगस माथाडी वगैरे, तो वेगळा विषय. पण काम अनियमित आहे म्हणून माणसाचं सगळंच अनियमित असलं पाहिजे असं काही नाही, हे याच शहरात पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलंय. बँक्वेटच्या पोरांना मात्र असं मंडळ नाही.

आता ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आणि पीएफ, हे कंटाळवाणं आहे पण वाच. कॅज्युअलला पीएफ-ईएसआय लागत नाही हे जे पोरं म्हणतात ते चूक आहे, जिथे हे कायदे लागू आहेत तिथे रोजंदारीवाला आणि ठेकेदाराचा माणूसही त्यात येतो. प्रश्न दिवसांचा आहे. ईएसआयमध्ये आजारपणाचा भत्ता मिळतो पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या टप्प्यात ७८ दिवस भरलेले पाहिजेत. आता तो वहीवाला पोरगा घे. एप्रिल ते सप्टेंबर त्याचे झाले ६७ दिवस. अकरा दिवसांनी हुकलं. आणि एप्रिल-सप्टेंबरचा हिशोब पुढच्या जानेवारी ते जूनला लागतो, म्हणजे आत्ता सीझनमध्ये तो कावीळ होऊन झोपला तर भत्ता शून्य. पावसाळ्यात काम नव्हतं त्याची शिक्षा लग्नसराईत. हे मी त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग ऑगस्टमध्ये मला अकरा दिवस जास्त द्यायचे ना. बरोबर बोलला. यंदा देणार आहे, क्रोकरी मोजणीला का होईना.

कामावर इजा झाली तर मात्र दिवसांची अट नाही, पहिल्या दिवसापासून धरतात, घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही त्यात बसू शकतो. म्हणून नोंदणी महत्त्वाची. मी कॅज्युअल असताना आमच्यातल्या एकाचा हात भाजला. चेफिंगखालचं, म्हणजे जेवण गरम ठेवायच्या भांड्याखालचं, जळणारं जेल संपत आलं होतं, त्याला वाटलं विझलंय, ती ज्योत लाइटमध्ये दिसतच नाही, त्याने वरून नवीन जेल ओतलं. कोपरापर्यंत गेलं. हॉलने दोन हजार दिले, सप्लायर म्हणाला बरा झालास की ये. कागदावर तो त्या रात्री तिथे नव्हताच, मस्टरवर नाव कच्च्या पेन्सिलीत होतं. अडीच महिने घरी. आज माझ्या पोरांना मी पहिल्या ब्रीफिंगला हेच दाखवतो, झाकण लावून विझवा, हात वर धरून गरम लागतंय का बघा, मगच दुसरा डबा ठेवा, ओतायचं कधीच नाही.

पीएफचं माझं स्वतःचं सांगतो. १९९८ ते २००७, नऊ वर्षं, पाच-सहा सप्लायर. एकाने कापला होता, नंबर दिला नाही. तेव्हा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, नव्हता, तो २०१४ ला आला. त्या नऊ वर्षांचं माझ्या नावावर आज काहीही नाही. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षं लागतात, माझी मोजणी २००७ पासून सुरू झाली. तुझी आज चालू आहे, मेडिकलमध्ये, आणि तू ती थांबवायला निघालायस. शिवाय २४० दिवस सलग वर्षात भरले की नोकरीत काही हक्क लागतात, कामावरून कमी करताना नोटीस, भरपाई वगैरे. १७९ मध्ये ते कुठे बसतात. आणि जिथे बसायला लागतात तिथे पोराला मध्येच दुसऱ्या हॉलला फिरवतात, हे मी होताना बघितलंय, जास्त बोलत नाही.

पगाराची स्लिप नसली की काय होतं ते लग्न ठरायच्या वेळी कळतं. बँक कर्ज देत नाही, दिव्याला भाड्याची खोली घ्यायला गेलास तरी मालक विचारतो कुठे कामाला. सासरा विचारतो ते तर सोडूनच दे. माझ्या यादीतली निम्मी पोरं यासाठीच कुरिअर नाहीतर सिक्युरिटीला गेली, तिकडे कमी मिळतात तरी.

आणि २०२०. २५ मार्चला लॉकडाऊन लागला, तो गुढीपाडवा होता, पुढे अक्षय्य तृतीया, अख्खी लग्नसराई समोर होती, माझ्याकडे मेपर्यंतच्या तारखा भरल्या होत्या. एका फोनवर सगळ्या गेल्या. ज्या हॉलला मी पोरं द्यायचो तिथल्या परमनंट लोकांना अर्धा का होईना पगार आला. माझ्या पोरांचा कोणीच मालक नव्हता. हॉल म्हणे सप्लायरला विचारा, सप्लायर म्हणजे मी, माझ्याकडे तीन पार्ट्यांची बिलं अडकलेली. दोन महिने रेशन दिलं, मग माझंही संपलं. एक पोरगा चालत इगतपुरीपर्यंत गेला. त्यानंतर तो या लाइनीत आला नाही.

तर तू काय करायचं. नोकरी ठेव, शनिवारच्या रात्रीची पाळी घे, रविवारी अर्ध्या दिवसानंतर रिसेप्शन मिळतं. महिन्याला सहा-सात पाळ्या झाल्या तरी पाच-सहा हजार वर, आणि १६,५०० ला धक्का नाही. मेडिकलवाल्यांच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये दुसरं काम करायचं नाही असं काही लिहिलंय का तेवढं वाचून घे. असं पुढच्या दिवाळीपर्यंत कर, म्हणजे मधला एक पावसाळा येऊन जाईल. पावसाळ्यात तुला कोण बोलावतं, किती वेळा बोलावतं, हे बघितल्याशिवाय सोडायचा विचारसुद्धा करू नकोस.

सप्लायरकडे जाशील तेव्हा रेट सगळे विचारतात, तू हे विचार की गेल्या जुलैत तुमच्याकडच्या पोराला किती दिवस मिळाले. जो आकडा सांगतो तो बरा, जो "काम भरपूर आहे रे" म्हणतो तिथून निघ. परत पाठवलं तर काय देता विचार. रात्री एकच्या पुढे गेलं तर गाडी सोडते का, की पहिल्या लोकलपर्यंत थांबायचं, हे दिव्यावाल्याने विचारलंच पाहिजे, मी किती रात्री चेअर कव्हरच्या गठ्ठ्यावर झोपून काढल्यात त्याला मोजदाद नाही. पैसे खात्यात येतात का हातात, आणि किती दिवसांनी. तुझा यूएएन त्याला दे, कापणार असेल तर त्याच नंबरवर काप म्हणावं. आणि एकाच सप्लायरच्या ग्रुपवर राहू नकोस, दोन-तीन ठेव, फक्त एकाच तारखेला दोघांना हो म्हणू नकोस, त्याने जे नाव जातं ते परत येत नाही. उचल घेऊ नकोस. उचल घेतलेल्या पोराला नाही म्हणता येत नाही, आणि काही सप्लायर त्यासाठीच देतात.

वही पहिल्या दिवसापासून ठेव. तारीख, हॉल, आलो किती वाजता, सुटलो किती वाजता, ठरलेला रेट, कॅप्टनचं नाव, पैसे कधी आले. मस्टरवर सही केलीस की मोबाइलमध्ये फोटो. सप्लायरने बुडवले तर ज्याच्याकडे काम केलं त्या मुख्य मालकावर पैसे द्यायची जबाबदारी येते, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे हे, पण तिथे होतास हे दाखवायला काहीतरी हातात पाहिजे. त्या भाजलेल्या पोराकडे काहीच नव्हतं.

पहिल्या पाळीला येशील तेव्हा बूट नवीन घालून येऊ नकोस, आठवडाभर मेडिकलमध्ये घालून मोकळे करून घे. काळे, साधे, रबरी सोलचे घे, लेदर सोल बॅक एरियाच्या ओल्या फरशीवर घसरतो. आणि पिशवीत एक जास्तीचा मोज्यांचा जोड टाक, रात्री अकरानंतर माझी आठवण काढशील.